किनाऱ्यावरचा दगड की जबडा?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, ब्रिस्टल चॅनलच्या दक्षिण काठावर, सॉमरसेट परगण्यात लिलस्टॉक नावाचा एक फारसा प्रसिद्ध नसलेला किनारा आहे. पायाखाली मऊ वाळू नाही. चुनखडी आणि गडद पंकाश्म यांचे एकाआड एक थर, त्यांतून निखळलेले गोटे आणि मागे सतत ढासळणारे कडे असे त्याचे रूप आहे. मे २०१६ मध्ये पॉल दे ला साल या हौशी जीवाश्म-संग्राहकाला तेथे एक मोठा लांबट तुकडा दिसला. प्रथमदर्शनी तो त्यांना दगडच वाटला. परंतु जवळून पाहिल्यावर त्यावर एक खाच आढळली आणि तुटलेल्या भागात हाडासारखी रचना दिसली. हा इक्थिओसॉरच्या जबड्याचा भाग असावा, अशी शंका येताच त्यांनी या प्राण्यांचे अभ्यासक डीन लोमॅक्स आणि ज्युडी मसारे यांच्याशी संपर्क साधला. पुढे त्यांना त्याच ठिकाणी आणखी तुकडे मिळाले. ते जुळवल्यावर ९६ सेंटीमीटर लांबीचे एक हाड तयार झाले, आणि तेही अपूर्ण!

या हाडाची ओळख पटवताना एका जुन्या चुकीचीही दुरुस्ती झाली. किनाऱ्यावर सापडलेली वस्तू जीवाश्म आहे की नुसता दगड, आणि जीवाश्म असल्यास कोणाचा, हे कसे ठरवतात, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

जाणकार मनुष्य अशा वेळी प्रथम वस्तूकडे पाहतच नाही. ती कोठे सापडली, हे विचारतो. समुद्र गोटे इकडून तिकडे वाहून नेतो हे खरे, तरीही किनाऱ्यावरचा बहुतेक माल मागच्या कड्यातून किंवा पायाखालच्या खडकातूनच आलेला असतो. तो खडक कोणत्या काळातला आणि कशा परिस्थितीत साचलेला, हे कळले की निम्म्याहून अधिक शक्यता आपोआप बाद होतात. लिलस्टॉकचे हे थर ट्रायासिक कालखंडाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे २० कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचे असून ते उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे आहेत. अशा गाळात समुद्री सरीसृपांची हाडे मिळणे स्वाभाविक आहे.

आपल्या कोकण किनाऱ्याची गोष्ट निराळी. तेथील काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला आणि थंड झालेला लाव्हा. इक्थिओसॉर तर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीवरून नाहीसे झाले. म्हणजे अलिबागला किंवा गुहागरला कातळातून फुटलेला एखादा तुकडा कितीही जबड्यासारखा दिसला, तरी तो इक्थिओसॉरचा असू शकत नाही. याचा अर्थ लाव्हाच्या प्रदेशात जीवाश्म मिळतच नाहीत असा मात्र नव्हे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी तयार होत, त्यांत गाळ साचे आणि प्राणीही नांदत. मुंबईत वरळीच्या टेकडीवरील अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले; आज तो बेडूक ‘इंडोबॅट्रेकस’ या नावाने ओळखला जातो. वरळी सी-फेसवर फिरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

ठिकाणानंतर आकार. येथे मात्र सर्वाधिक फसगत होते. मानवी डोळा ओळखीचा आकार शोधत असतो आणि निसर्ग तो पुरवण्यास सदैव तत्पर असतो. चिखलात एखाद्या कणाभोवती खनिजे साकळत जाऊन गोल, अंडाकृती किंवा लांबट गुठळ्या बनतात. त्या डायनोसॉरच्या अंड्यांसारख्या, कवटीसारख्या, कधी मांडीच्या हाडासारख्याही दिसतात. अशा गुठळ्यांना आतून तडे जाऊन त्यांत कॅल्साइट भरले की पाठीवर बहुकोनी खणांची नक्षी उमटते आणि हुबेहूब कासवाची पाठ तयार होते. इंग्लंडमध्ये अशा दगडांना पूर्वी ‘कासव-दगड’च म्हणत. त्यांचा कासवाशी काडीचाही संबंध नाही. खडकाच्या फटीत मँगनीजची खनिजे झिरपून उमटलेली नाजूक नक्षी नेच्याच्या पानांचा भास घडवते. शेवाळासारखी नक्षी असलेले अकीक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा चकवा परिचित असेल. चकमकीचे गोटे तर इतके चित्रविचित्र आकार घेतात की त्यांत हवा तो प्राणी पाहावा. यांत जुन्या कारखान्यांची मळी आणि लाटांनी गुळगुळीत केलेल्या विटाही मिसळतात.

याच्या उलट, अस्सल जीवाश्मांना भलतीच ओळख चिकटल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. बेलेम्नाइट हा माकुळीसारखा प्राणी. त्याच्या शरीरातील टोकदार कठीण भाग बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो. इंग्लंडच्या खेड्यांत त्याला आकाशातून पडलेले वज्र मानत. ग्रायफिया या शिंपल्याला ‘सैतानाच्या पायाचे नख’ हे नाव मिळाले. यॉर्कशायरमधील व्हिटबी येथे सापडणारे अमोनाइट म्हणजे सातव्या शतकातील साध्वी हिल्डा हिने दगड बनवलेले साप, अशी श्रद्धा होती. स्थानिक कारागीर त्या वेटोळ्यांवर सापाची डोकी कोरून ती विकत. हे वाचून हसू येण्यापूर्वी आपल्या देवघराकडे पाहावे. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून येणारा, विष्णूचे चक्र धारण करणारा शाळीग्राम म्हणजेही अमोनाइटचा जीवाश्मच होय. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे समुद्र होता, याची साक्ष कित्येक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तुळशीपत्राखाली विराजमान आहे.

सारांश, नुसता आकार हा दुबळा पुरावा ठरतो. खरी परीक्षा पोताची. हाड बाहेरून घट्ट आणि आतून जाळीदार असते. जीवाश्म बनताना या जाळीच्या पोकळ्यांत खनिजे भरतात. तरी जाळीची रचना टिकून राहते. त्यामुळे तुकड्याची बाह्य बाजू कितीही झिजलेली असो, तुटलेली कड भिंगाखाली धरल्यास ती बोलू लागते. आपल्याकडे येथेही एक चकवा आहे. काळ्या कातळात वायूच्या बुडबुड्यांमुळे छिद्रे असतात, जांभा दगडही सच्छिद्र असतो, आणि या दोहोंचे तुकडे कोणी ना कोणी ‘हाड’ म्हणून घेऊन येतोच. बुडबुड्यांची छिद्रे वेगवेगळ्या मापांची व विस्कळीत असतात. त्यांत पुष्कळदा पांढरे खनिज बदामाच्या गराप्रमाणे बसलेले असते. हाडातील पोकळ्यांना दिशा असते. बाहेरच्या घट्ट थराकडून आतल्या जाळीकडे होणारा बदल क्रमाने होतो. दगडात अशी शिस्त नसते.

हाड जुने की ताजे, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर गाई-घोड्यांची हाडे, आपल्याकडे गुरांची किंवा डॉल्फिनची हाडे समुद्रातून येतात आणि लाटांच्या घर्षणाने तीही प्राचीन भासू लागतात. खनिजांनी भरलेले हाड हातात जड लागते. ताज्या हाडाला तापलेल्या सुईचे टोक लावल्यास केस जळल्यासारखा वास येतो, कारण त्यात अद्याप कोलॅजेन हे प्रथिन शिल्लक असते. सच्छिद्र हाड ओल्या जिभेला चिकटते, अशीही एक जुनी परीक्षा आहे. पण पोकळ्या पूर्ण भरलेले हाड चिकटत नाही, म्हणून ती भरवशाची नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यांची सध्याची अवस्था पाहता तिची शिफारस न केलेलीच बरी.

लिलस्टॉकच्या हाडाने या पहिल्या परीक्षा पार केल्या होत्या. ते हाडच होते, प्राचीन होते आणि समुद्री गाळातून आलेले होते. प्रश्न उरला तो इतकाच की, एवढे प्रचंड हाड कोणाचे आणि शरीराच्या कोणत्या भागाचे? इक्थिओसॉर म्हणजे ग्रीक भाषेत मत्स्य-सरडा. हे मासे नव्हेत आणि डायनोसॉरही नव्हेत. हवेत श्वास घेणारे, डॉल्फिनसारख्या बांध्याचे हे समुद्री सरीसृप होते. इंग्लंडला त्यांची ओळख तशी जुनी. डॉर्सेटमधील लाइम रीजिस येथे १८११ मध्ये जोसेफ ॲनिंग या मुलाला एक कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी त्याची बहीण मेरी हिने उरलेला सांगाडा शोधून काढला. तेव्हा तो मगरीचा समजला गेला होता. पण असे बहुतेक सांगाडे काही मीटर लांबीचे. त्यांच्या खालच्या जबड्याच्या मागील भागात ‘सुरँग्युलर’ नावाचे हाड असते. लिलस्टॉकचा तुकडा त्याच्याशी जुळत होता. फक्त माप जुळत नव्हते.

माप जुळले ते कॅनडात. ब्रिटिश कोलंबियामध्ये सापडलेला शोनिसॉरस सिकॅनिएन्सिस हा सुमारे २१ मीटर लांबीचा इक्थिओसॉर अल्बर्टा प्रांतातील रॉयल टिरेल संग्रहालयात आहे. लोमॅक्स आणि मसारे यांनी तेथे जाऊन त्याचे हेच हाड तपासले. रचना सारखीच होती आणि इंग्लंडचे हाड सुमारे पाव पटीने मोठे होते. त्या प्रमाणात हिशेब केल्यास प्राण्याची लांबी २६ मीटरपर्यंत जाते. हे संशोधन एप्रिल २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी २६ हा आकडा उचलला. तो सावधपणेच घ्यावा लागतो. एका हाडावरून अख्ख्या प्राण्याची लांबी काढताना दोन्ही प्राण्यांची अंगलट सारखीच होती, असे गृहीत धरलेले असते. तुलनेसाठी दुसरी जात घेतली की आकडा बदलतो. संशोधकांनी हे स्वतःच नमूद केले होते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांना तेवढी जागा नसते.

या शोधाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लिलस्टॉकहून ईशान्येकडे, सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ, ऑस्ट नावाचा कडा आहे. सेव्हर्नवरील जुना पूल तेथेच उतरतो. या कड्यात हाडे, दात, खवले आणि अश्मीभूत विष्ठा यांनी खच्चून भरलेला एक थर आहे. तेथून १८५० च्या सुमारास मोठमोठ्या हाडांचे दंडगोलाकार तुकडे मिळू लागले. त्यांची दोन्ही टोके तुटलेली होती. उरला होता तो केवळ मधला दांडा. लांब, जाड, गोलसर दांडा म्हटल्यावर पायाचे हाड आठवणे साहजिक होते. त्यामुळे हे तुकडे कोणा अवाढव्य डायनोसॉरच्या पायांचे असावेत, असे मानले गेले. एवढ्या जुन्या काळात एवढे मोठे डायनोसॉर कसे, हा प्रश्न अर्थातच छळत होता. निरनिराळ्या अभ्यासकांनी त्यांना निरनिराळ्या गटांत बसवून पाहिले. २००५ मध्येही ऑस्टच्या हाडांवर ‘मोठे डायनोसॉर’ म्हणूनच लेख प्रसिद्ध झाला होता.

लिलस्टॉकचे हाड हाती आल्यावर चित्र पालटले. त्यावरील खाचा आणि वळणे ऑस्टच्या तुकड्यांशी जुळवून पाहता, तेही महाकाय इक्थिओसॉरच्या जबड्याचे भाग असल्याचे २०१८ च्या लेखात मांडण्यात आले. दीड शतकाहून अधिक काळ जे पाय म्हणून जपले गेले, ते जबडे निघाले! जुन्या अभ्यासकांना यात दोष देण्याचे कारण नाही. तुलना करायला तसा जबडाच तोवर कोणी पाहिला नव्हता. संग्रहालयांनी ते न उलगडलेले तुकडे इतकी वर्षे ठिकाणाच्या नोंदीसह सांभाळून ठेवले, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.

तरी एक शंका उरतच होती. हाडाचे बाह्य रूप झिजलेले, टोके गायब. मग खात्री कशी धरायची? नव्या प्राण्याला नाव देण्याइतका पुरावा लिलस्टॉकच्या हाडात नव्हता आणि लोमॅक्स यांनी ते दिलेही नाही. पुढचा दुवा मिळाला तो मे २०२० मध्ये. लिलस्टॉकपासून दहा-पंधरा किलोमीटरवरील ब्लू अँकर येथे जस्टिन रेनॉल्ड्स आणि त्यांची ११ वर्षांची मुलगी रूबी जीवाश्म शोधत होते. वडिलांना एक तुकडा मिळाला. रूबीला चिखलात अर्धवट रुतलेला त्याहून बराच मोठा तुकडा दिसला. शोधाशोध केल्यावर २०१८ मधील संशोधनाचा तपशील त्यांच्या हाती आला आणि त्यांनी लोमॅक्स यांना कळवले. लोमॅक्स यांनी दे ला साल यांनाही सोबत घेतले. त्यानंतर हे सारे जण पुन्हा पुन्हा त्या किनाऱ्यावर जात राहिले. शेवटचा तुकडा ऑक्टोबर २०२२ मध्ये हाती लागला.

येथील भरती-ओहोटीतील फरक जगातील सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. सेव्हर्नच्या मुखाकडे तो सुमारे १४ मीटरपर्यंत जातो. पाणी वेगाने चढते, माणसे कड्याखाली अडकतात. तेच पाणी दर भरतीला कड्याचा थोडा भाग खाऊन नवे जीवाश्म उघडे पाडते आणि वेळीच न उचललेले फोडूनही टाकते. जबड्याचे तुकडे गोळा करायला अडीच वर्षे लागली, तरी ते जुळले हेच नवल. जोडलेले हाड दोन मीटरहून लांब भरले. ते लिलस्टॉकच्या हाडापेक्षा चांगले टिकलेले होते आणि त्याची वैशिष्ट्ये पहिल्या हाडाशी तंतोतंत मिळत होती. एकाच प्रकारचे हाड दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या प्राण्यांचे मिळाल्यावर ती झीज किंवा योगायोग म्हणता येईना. १७ एप्रिल २०२४ रोजी या प्राण्याचे ‘इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस’ असे नामकरण झाले. सेव्हर्नचा महाकाय मत्स्य-सरडा, असा त्याचा अर्थ. लेखाच्या लेखकांत रूबीचेही नाव आहे.

त्याच सुमारास जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे मार्चेल्लो पेरिल्लो आणि मार्टिन सँडर यांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने पाहिले. त्यांनी ऑस्ट, लिलस्टॉक आणि जर्मनीतील बोनेनबुर्ग येथील अशाच गूढ हाडांचे कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत लांबीच्या दिशेने धावणारे, खनिज बनलेल्या कोलॅजेनचे समांतर धागे दिसले. अशी वीण डायनोसॉरच्या पायाच्या हाडात आढळत नाही. ब्लू अँकरच्या हाडातही तीच वीण मिळाली. बाहेरचा आकार जे ठामपणे सांगू शकत नव्हता, ते आतल्या पोताने सांगितले. याच तपासणीतून आणखी एक गोष्ट कळली: ब्लू अँकरचा प्राणी मेला तेव्हा त्याची वाढ अजून थांबलेली नव्हती. त्याची अंदाजे लांबी २५ मीटर, म्हणजे मुंबईच्या लोकलच्या एका डब्याहून अधिक.

आपल्या हाती असा एखादा तुकडा लागला तर काय करावे? आधी तो जागेवरच ठेवून, शेजारी पेन किंवा नाणे ठेवून छायाचित्रे घ्यावीत. वस्तूचे एक, तुटलेल्या कडेचे एक आणि मागचा खडक दिसेल असे एक. जागेची नेमकी नोंद करावी; मोबाइलमुळे ते आता सोपे झाले आहे. ठिकाण माहीत नसलेल्या जीवाश्माची किंमत अभ्यासकाच्या दृष्टीने फारच घटते. घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. आम्ल, वार्निश, झटपट चिकटणारा गोंद यांपैकी काहीही लावू नये. पोतच नष्ट झाला तर तपासायचे काय? समुद्रातील हाडात मीठ मुरलेले असते आणि वाळताना त्याचे स्फटिक हाड फोडतात, म्हणून तज्ज्ञ ते गोड्या पाण्यात ठेवून क्षार काढतात. घाई करून उन्हात वाळवत ठेवू नये. कड्यात रुतलेली वस्तू तर उपटूच नये. डॉर्सेटच्या पश्चिम किनाऱ्यावर सुटे जीवाश्म उचलू देतात, परंतु महत्त्वाच्या शोधाची नोंद करावी आणि कड्यात खोदू नये, असा दंडक तेथे आहे. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था अशांकडे चौकशी करता येते.

आणि भारतात इक्थिओसॉर अगदीच अशक्य नाहीत. योग्य काळातला समुद्री गाळ तेवढा हवा. तो गुजरातेत आहे. कच्छमधील लोडाई गावाजवळ मिळालेल्या, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या इक्थिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा २०१७ मध्ये गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. तो सुमारे साडेपाच मीटरचा आहे.

इक्थिओटायटनच्या बाबतीत मात्र अजून सारा डोलारा जबड्याच्या हाडांवरच उभा आहे. त्याचे मणके, दात यांची आपल्याला कल्पना नाही. ब्लू अँकरचे थर २० कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे ट्रायासिकच्या अखेरीस झालेल्या महाविनाशाच्या अगदी उंबरठ्यावरचे आहेत. कॅनडातील शोनिसॉरस किंवा तिबेटमधील हिमालयासॉरस या त्याच्या नातलगांहून ते सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांनी अलीकडचे. त्या विनाशानंतरही इक्थिओसॉर टिकले, पण एवढ्या आकाराचे पुन्हा झाल्याचे आढळत नाही. लोमॅक्स आणि त्यांचे सहकारी आता कवटीच्या किंवा सांगाड्याच्या शोधात आहेत, आणि सॉमरसेटचे कडे ढासळतच आहेत.